मुक्त बायसन आणि परवान्याची शिकार

उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाचे वैभव असलेला बायसन एकोणिसाव्या शतकात बंदुकीमुळेच नामशेष होण्याच्या काठावर पोहोचला. त्याच प्राण्याला कुंपणाबाहेर, मोकळ्या रानात परत आणण्याच्या प्रयत्नांत आज परवानाधारक शिकाऱ्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या गोष्टीमागे कायदा, चराऊ जमिनी आणि पशुपालकांचे हितसंबंध यांची गुंतागुंत आहे.

महाराष्ट्रात बायसन म्हटले की राधानगरी-दाजीपूरचा गवा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी बायसन त्याहून वेगळा. खांद्यावर उंच वशिंड, डोके व पुढच्या अंगावर दाट राठ केस आणि पूर्ण वाढलेल्या नराचे ९०० किलोपर्यंत भरणारे वजन ही त्याची वैशिष्ट्ये. अमेरिकी बोलीत त्याला ‘बफेलो’ म्हणतात. मात्र आपल्याकडील म्हैस आणि तो हे प्राणी वेगळे.

कत्तल आणि बचाव

युरोपीय वसाहती पश्चिमेकडे सरकण्यापूर्वी बायसनची संख्या तीन ते सहा कोटींच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. लोहमार्गांचा विस्तार, कातड्याचा व्यापार आणि बायसनवर जगणाऱ्या मूलनिवासी जमातींना नमवण्याचे धोरण यांमुळे १८७० नंतरच्या अवघ्या दीड दशकात कळपच्या कळप संपले. १८८९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी केलेल्या गणनेत, बंदिस्त आणि मोकळे मिळून, जेमतेम हजारभर बायसन उरल्याचे दिसले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९०२ मध्ये दोन डझनांच्या आसपास रानटी बायसन शिल्लक होते. त्यांच्या जोडीला खासगी कळपांतील २१ बायसन आणून तेथे संवर्धन सुरू झाले. १९०५ मध्ये ‘अमेरिकन बायसन सोसायटी’ स्थापन झाली आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमातील विचिता पर्वतात पाठवण्यात आले.

प्राणी वाचला, पण बहुतांशी कुंपणाच्या आत. आज उत्तर अमेरिकेतील काही लाख बायसनपैकी बहुतेक मांसासाठी पाळलेले खासगी मालकीचे पशू आहेत. २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी घोषित करण्यात आले. परंतु कुंपणाशिवाय हिंडणारे कळप आजही मोजकेच आहेत.

पशुधन की वन्यप्राणी?

अमेरिकेत वन्यप्राणी ही जनतेची मालमत्ता मानली जाते आणि घटकराज्ये तिचे विश्वस्त असतात. शिकार परवान्यांचे शुल्क आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळ्यावर आकारला जाणारा कर, हे राज्यांच्या वन्यजीव विभागांचे प्रमुख उत्पन्न. एल्क हरीण, प्राँगहॉर्न, रानटी टर्की यांचे पुनरुज्जीवन याच पैशांतून झाले. बायसन मात्र या व्यवस्थेबाहेर राहिला. वाचलेले बहुतेक प्राणी खासगी आवारांत असल्याने अनेक ठिकाणी त्यांची गणना पशुधनात होऊ लागली. म्हणूनच, ज्या राज्यात बायसनची सार्वजनिक शिकार होते तेथे त्याला वन्यप्राण्याचा दर्जा, गणना करणारी यंत्रणा आणि त्याच्या बाजूने बोलणारा वर्गही मिळतो, असा मुक्त कळपांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे.

हेन्री पर्वतातील प्रयोग

या युक्तिवादाचे एक जुने उदाहरण उटाह राज्यात आहे. १९४१ मध्ये यलोस्टोनमधून ३ नर व १५ माद्या आणून तेथील वाळवंटी प्रदेशात सोडण्यात आल्या. पुढच्या वर्षी आणखी ५ नर आले. कळपाने स्वतःच नवी चराई शोधली आणि १९६३ पासून तो हेन्री पर्वतात स्थिरावला. शिकार १९५० मध्येच सुरू झाली होती. शिकारीच्या हंगामानंतर सुमारे ३२५ प्रौढ प्राणी राहावेत, या हिशेबाने परवाने दिले जातात. ते सोडतीने मिळतात आणि एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच. पुढे याच कळपातील काही प्राणी उटाहमधील बुक क्लिफ्स भागात नेऊन नवा कळप उभारण्यास हातभार लावण्यात आला.

हेन्री पर्वतात गुरेही चरतात. बायसन आपल्या गुरांचे गवत फस्त करतात, अशी पशुपालकांची तक्रार होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी कुणी किती गवत खाल्ले हे मोजले. गुरांचा वाटा सुमारे ५२ टक्के, सशांचा ३४ टक्के आणि बायसनचा अवघा १४ टक्के निघाला.

अलास्कातही असाच इतिहास आहे. १९२८ मध्ये माँटानातून २३ बायसन डेल्टा जंक्शन परिसरात नेण्यात आले आणि १९५० पासून तेथे शिकारीला परवानगी मिळाली. २०१५ मध्ये याच राज्यात वुड बायसन ही उपजाती मोकळ्या रानात सोडण्यात आली. त्यापूर्वी केलेल्या विशेष नियमांतच भावी शिकारीची तरतूद होती.

रोगाची भीती

यलोस्टोनच्या बायसनची कथा मात्र वेगळी आहे. गुरांमध्ये गर्भपात घडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग तेथील बायसनमध्ये १९१७ मध्ये आढळला. तो मुळात युरोपातून आणलेल्या गुरांकडूनच आला. हिवाळ्यात बर्फाखाली गवत दडले की कळप उद्यानाची हद्द ओलांडून माँटानात उतरतात. तेथील पशुपालकांना आपल्या गुरांची बाजारपेठ बंद होण्याची धास्ती वाटते. रानटी बायसनकडून गुरांना लागण झाल्याची नोंद नाही. एल्क हरणांकडून झालेल्या लागणीच्या नोंदी आहेत. तरीही एल्क मोकळे फिरतात आणि बायसन अडवले जातात.

१९८८-८९ च्या हिवाळ्यात माँटानातील शिकाऱ्यांनी सुमारे ५७० बायसन मारले. जवळ जाऊन टिपलेल्या, फारसे न पळणाऱ्या प्राण्यांची दृश्ये पाहून देशभर संताप उसळला आणि १९९१ मध्ये ही शिकार बंद झाली. २००५ मध्ये ती नव्या नियमांनिशी सुरू झाली. १८५५ च्या करारांनुसार हक्क असलेल्या जमातीही पुढे या शिकारीत सहभागी झाल्या. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात हद्दीबाहेर आलेल्या हजाराहून अधिक बायसनची शिकार झाली. उद्यानाच्या सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात बंदुका रोखून थांबणे ही शिकार म्हणायची का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

बारा जागा, ४५ हजार अर्ज

शिकारीचे अनपेक्षित परिणामही होतात. ॲरिझोनातील कैबाब पठारावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी आणलेल्या बायसनचे वंशज बंदुकीच्या धाकाने हळूहळू ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानात शिरले. तेथे शिकारीस बंदी असल्याने ते उद्यानातच ठाण मांडून बसले आणि पाणवठे व गवताची हानी होऊ लागली. २०२१ मध्ये उद्यान प्रशासनाने संख्या घटवण्यासाठी १२ स्वयंसेवी नेमबाजांची सोडत काढली, तेव्हा ४५ हजारांवर अर्ज आले. प्रत्यक्षात चारच बायसन मारले गेले. जिवंत पकडलेले बायसन मूलनिवासी जमातींना देण्याचा मार्गही तेथे अवलंबण्यात आला आहे.

शिकारीच्या परवान्यासाठी इच्छुकांची वाण नाही आणि बायसनची पैदासही वेगाने होते. अडते ते कुंपणाशिवायच्या जमिनीपाशी. माँटानाने राज्यात रानटी बायसनच्या पुनर्स्थापनेचा आराखडा २०२० मध्ये तयार केला; जमीनमालकांच्या दाव्यानंतर २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला. हेन्री पर्वतात बायसन, गुरे आणि शिकारी गेली अनेक दशके एकाच रानात नांदत आहेत. तेथे हे शक्य झाले ते कळपाची संख्या किती असावी यावर पशुपालक आणि राज्य यांच्यात तडजोड झाल्यामुळे. इतरत्र मोकळे बायसन दिसायचे असतील, तर आधी अशी तडजोड व्हावी लागेल.