राजापेठेतील रिकामी खोली : वऱ्हाडी शहरातील सहनिवास, भाडेकायदा आणि उत्तरायुष्य

प्रस्तावना
मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झाली, जोडीदार निवर्तला आणि घरातील एक खोली कुलूपबंद राहिली, हे चित्र अमरावतीच्या राजापेठेसारख्या जुन्या वस्तीत अपरिचित नाही. ती खोली अनुरूप व्यक्तीस भाड्याने द्यावी काय, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो; वस्तुतः त्यास इतिहास आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

परंपरा आणि तिची मर्यादा
परक्याच्या मुलास घरात सामावून घेणे महाराष्ट्रास नवे नाही. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या येथे शिकल्या. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय स्थापन झाले आणि खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न तीव्र झाला. परंतु वाराची ही व्यवस्था बहुतांशी जातीच्या चौकटीत चालत असे. स्वामी श्रद्धानंदांची १९२६ मध्ये हत्या झाल्यानंतर त्यांच्या नावाने डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत सर्व जातींसाठी छात्रालय उघडले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

कायद्याचा परिणाम
मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश विदर्भात अर्धशतक लागू होता. भाडेकरूस निघण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडेनियंत्रकाची अनुमती घ्यावी लागे. त्यानंतर दिवाणी न्यायालय. गृहटंचाईच्या काळात या संरक्षणाने असंख्य कुटुंबांचा निवारा राखला, हे मान्य करावयास हवे. तथापि एकाकी वृद्धेच्या मनात त्यामुळे 'दिलेली खोली गेली' हे भय घर करून बसले. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये अनुज्ञप्तीची मुदत संपताच निवासी जागेचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत परत मिळविता येतो. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. 'घरच्यासारखाच आहे, कागद कशाला?' ही भिडस्त वृत्ती म्हणूनच वृद्धांना घातक ठरते.

अनुरूपतेचा अर्थ
कायद्याने भय कमी केले. निवडीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. झोपेच्या वेळा, स्वयंपाकघराचा वापर, पाहुण्यांची ये-जा, आजारपणात हाकेस ओ देण्याची तयारी, या बाबींवर अनुरूपता ठरावी. व्यवहारात मात्र 'आपल्यातला' हा शब्द पुष्कळदा जातीचा पर्याय म्हणून योजला जातो. ज्या शहरात १९२७ मध्ये अंबादेवी मंदिराचे दार सर्वांस खुले व्हावे म्हणून चळवळ झाली, त्याच शहरात खोलीचे दार आडनाव विचारून उघडावे, ही विसंगती होय.

निष्कर्ष
भाडेकरू हा मुलांचा पर्याय नव्हे, फुकटचा सेवकही नव्हे. वृद्धास सोबत व थोडे उत्पन्न, विद्यार्थ्यास वा नोकरदारास निवारा, असा हा उभयपक्षी व्यवहार आहे. वाराच्या परंपरेतील आपुलकी, छात्रालयाची समता आणि नोंदणीकृत कराराची स्पष्टता यांचा मेळ साधल्यास रिकामी खोली उत्तरायुष्याचा आधार ठरू शकेल.