कौल कुणाला मिळाला?

नवा माणूस पुण्यात आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, "कोणत्या गावचे?" दुसरा प्रश्न सहसा उघड विचारला जात नाही. आडनाव ऐकताच विचारणाऱ्याने त्याचे उत्तर मनाशी काढलेले असते. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर माणसाला या शहरात भाकरी, निवारा आणि काम कसे मिळेल हे ठरत आले आहे. इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी कसबा पेठेत घेऊन जातो, ते हे दाखवण्यासाठी.

कसबा ही पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती. मुरार जगदेवाने गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीत ते पुन्हा वसले. म्हणजे आज जिला आपण मूळचे पुणे म्हणतो, ती वस्तीसुद्धा आणून वसवलेल्या माणसांची आहे. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांचा कागदीपुरा ही नावे अजून टिकून आहेत. तांबट कोकणातून आले असे सांगतात. राज्याला भांडी हवी होती, कागद हवा होता, व्यापार हवा होता. म्हणून पेशवाईत नवी पेठ वसवताना येणाऱ्याला कौल दिला जाई: जागा घ्या, घर बांधा, अमुक वर्षे पट्टी माफ. नवागताची सोय करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ज्याची गरज होती त्याच्यासाठी ती सोय राज्यानेच करून ठेवली होती.

पण ज्याची गरज होती आणि तरी ज्याचा स्पर्श नको होता, त्याचे काय? याच पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा आणि थुंकी पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या प्रबंधात लिहून ठेवले आहे. रस्ते झाडायला, मेलेली ढोरे ओढायला तो लागत होता. मात्र त्याला आळी मिळाली नाही, कौल मिळाला नाही. शहराची कड त्याच्या वाट्याला आली.

१८७६-७७ च्या दुष्काळात ही गोष्ट साऱ्या मुलखासमोर आली. सरकारी दुष्काळी कामावर सर रिचर्ड टेंपलने पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. माणसे गावे सोडून निघाली. त्या वेळी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाईंनी जुन्नर भागातले हाल २० एप्रिल १८७७ च्या ओतूरच्या पत्रात जोतीरावांना कळवले आहेत. या कामाला दया म्हणणे सोपे आहे. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. पंगत जातीने बसते अशा मुलखात जात न विचारता ताट वाढणे ही नवी व्यवस्था होती. वीस वर्षांनी, १८९७ च्या प्लेगमध्ये, मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल उचलून दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. शहराने ज्यांच्यासाठी काही ठेवले नव्हते त्यांच्यासाठी झटताना त्यांचा प्राण गेला.

शिक्षणाने हा प्रश्न सुटेल असे कुणाला वाटत असेल तर त्याने १९१७ सालचे बडोदे आठवावे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानाच्या नोकरीवर रुजू होणारा तरुण त्या शहरात नवागत होता. त्याला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले. डॉ. आंबेडकर त्या दिवशी कित्येक तास एका सार्वजनिक बागेत बसून होते. पदवी होती, पगार होता, फक्त पत्ता नव्हता.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती एकट्या माझ्या घरची नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून निघाली. वडील तेव्हा सात वर्षांचे. आजीने आधी खडी फोडली, मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. राज्यभरात मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांतली काही पुढे शहरांकडे सरकली, तशी तीही आली. मुठेच्या काठी, कसब्याच्या खालच्या अंगाला एका नात्यातल्या बाईच्या झोपडीला लागून तिने पत्र्याचा आडोसा केला. त्या बाईने पहिले आठ दिवस भाकरी दिली, कामावर ओळख करून दिली, आणि स्वतःचा पत्ता वापरू दिला. आजी कसब्यातल्या वाड्यांत भांडी घासू लागली. तांब्याची भांडी. ज्यांना शहराने आळी दिली होती त्यांच्या हातची भांडी, आळी न मिळालेल्या हातांनी घासली.

रेशनकार्डासाठी ती एका कचेरीत तीनदा गेली. गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. दाखल्यासाठी गावी जायचे तर एस.टी.चे भाडे आणि चार दिवसांचा खाडा. गावी गेली तर तलाठी बाहेरगावी. तोवर धान्य बाजारभावाने. पुढे मी शिकू लागलो तेव्हा जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागला. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला, जुना कागद उर्दूत. घरात तो वाचणारे कुणी नव्हते. कागदीपुऱ्याजवळच्या एका वृद्ध मुसलमान गृहस्थांनी तो वाचून मराठीत उतरवून दिला आणि चहाचेसुद्धा पैसे देऊ दिले नाहीत. मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, त्यात त्यांच्या त्या अर्ध्या तासाचा वाटा आहे.

पण नात्यातली बाई आणि भला शेजारी यांवर किती काळ विसंबायचे? ज्याला नाते नाही त्याने काय करायचे? याचे उत्तर पुण्यातल्या कष्टकऱ्यांनी संघटनेतून शोधले. बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. पुढे १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यातून मालक आणि हमाल या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होऊ लागली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, आणि मजुरीवर मालकाने भरायच्या रकमेतून भविष्यनिर्वाह निधीची, बोनसची सोय झाली. ज्याचा मालक रोज बदलतो त्याला कायमचा मालक दाखवायची सक्ती उरली नाही. १९७४ मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. शहरात एकट्याने राहणाऱ्या मजुराला परवडेल असे जेवण मिळू लागले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. तिच्यातल्या बहुसंख्य बाया आपल्या समाजांतल्या, आणि कित्येकींची घरे ७२ च्या दुष्काळाने उखडलेली. ज्या बाईला 'चोर' म्हणून हटकले जात होते तिच्या हाती महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र आले. ओळख, भाकरी, नोंद: माझ्या आजीला त्या नात्यातल्या बाईने जे दिले, तेच संघटनेने जात आणि नाते न विचारता दिले.

आणि आता आपल्यापुढचा अवघड भाग. गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीत कलबुर्गी, यादगीरकडची बांधकाम मजुरांची कुटुंबे येऊ लागली आहेत. एका बैठकीत ठराव आला की परप्रांतीयांना खोल्या देऊ नयेत, पाणी आधीच कमी पडते. ठराव मांडणाऱ्याची आई माझ्या आजीबरोबर त्याच वर्षी आलेली. मी तिथे बसलो होतो. मी प्राध्यापक आहे, लोक माझे ऐकतात. मी बोललो नाही. पाण्याची टंचाई खरी होती, हे माझे निमित्त. भाषिक अस्मितेच्या विरोधात उभे राहायची भीती, हे खरे कारण.

त्या कुटुंबांतले बरेच जण मादिगा आहेत. कर्नाटकात ते अनुसूचित जातीत येतात. महाराष्ट्राच्या यादीतही ती जात आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निकालापासून स्थिती अशी, की दुसऱ्या राज्यातून आलेल्याला इथे त्या सवलती मिळत नाहीत. अस्पृश्यता मात्र राज्याची सीमा ओलांडून त्यांच्याबरोबर येते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पुस्तकात होता, आणि २०२० च्या मे महिन्यात जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. चालत गावाकडे निघालेल्या त्या मजुरांना टाळेबंदीच्या शहराने कौल दिला नव्हता.

त्यानंतर काही दारे उघडली आहेत. एका राज्याच्या रेशनकार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू शकते. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली. पण योजना एका कचेरीत, दवाखाना दुसरीकडे, शाळा तिसरीकडे, आणि मजुराला रोजचा खाडा परवडत नाही. हे धागे एकत्र बांधणारा माणूस वस्तीतच बसला पाहिजे. आपल्याकडे बुद्धविहार आहेत, वाचनालये आहेत, रविवारी मोकळे असणारे विद्यार्थी आहेत. एक टेबल, एक नोंदवही, कन्नड आणि हिंदी बोलणारा एक जण, आणि कोणत्या कामाला कोणता कागद लागतो याची भिंतीवर यादी. यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या बैठकीत मी उशिरा का होईना बोललो. ठराव मागे घेतला गेला नाही, पण त्यावर मतदानही झाले नाही. पाण्यासाठी सगळ्यांनी मिळून महापालिकेकडे अर्ज करायचा असे ठरले. त्या अर्जावर पहिल्यांदाच कलबुर्गीकडच्या सात कुटुंबांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी आमच्याच वस्तीचे नाव लिहिले. विहारातले टेबल गेल्या महिन्यापासून मांडले आहे. पहिल्या रविवारी दोघे आले, दुसऱ्या रविवारी अकरा.