सीओपीडीची तीव्रावस्था : चाहूल, कारणे व प्रतिबंध

दीर्घकालीन श्वासरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आणि वायुकोश नष्ट करणारा आजार आहे. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. मात्र मधूनच उचल खातो आणि धाप, खोकला व कफ काही दिवसांतच नेहमीपेक्षा बरेच वाढतात. या स्थितीस तीव्रावस्था म्हणतात. ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२३ मधील व्याख्येनुसार ही वाढ १४ दिवसांच्या आतली असावी लागते. महाराष्ट्रात घरचे लोक यालाच ‘दम वाढला’ किंवा ‘छाती भरली’ म्हणतात. सीओपीडीचे अनेक रुग्ण आयुष्यभर दमेकरी म्हणूनच ओळखले जातात.

महत्त्व : ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण होते. तीव्रावस्था येऊन गेली की रुग्ण पूर्वपदावर येतो, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. पूर्व लंडनमधील रुग्णांच्या रोजच्या नोंदींवरून २००० साली असे आढळले की, सुमारे एक चतुर्थांश तीव्रावस्थांत ३५ दिवसांनंतरही श्वासाचा जोर आधीच्या पातळीवर आला नव्हता. काहींत तर तीन महिन्यांनंतरही नाही. ‘एक्लिप्स’ या अभ्यासाने (२०१०) दाखवले की, पुढील तीव्रावस्थेचे सर्वांत भरवशाचे भाकीत मागील वर्षीच्या तीव्रावस्थांवरून करता येते. म्हणूनच पहिली टाळणे मोलाचे ठरते.

चाहूल : कॅनडातील अँथोनिसेन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सांगितलेली तीन लक्षणे आजही वापरात आहेत : धाप वाढणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफ पिवळा-हिरवा, पूयुक्त होणे. घरात मात्र चाहूल निराळ्या रूपांत लागते. रात्री एकाऐवजी दोन-तीन उशा लागतात, अंघोळ करून आल्यावर बसून राहावे लागते, बोलताना वाक्य मध्येच तुटते, आराम देणारा पंप दिवसातून अधिक वेळा घ्यावा लागतो. रुग्ण स्वतः बहुधा ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देतो. फरक आधी कळतो तो त्याच्याबरोबर राहणाऱ्याला. त्यामुळे रुग्ण बरा असताना किती पायऱ्या चढतो, कफाचा रंग कसा असतो, ऑक्सिमीटर किती दाखवतो, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे. ओठ-नखे निळी पडणे, गुंगी येणे, असंबद्ध बोलणे किंवा बसल्या जागी धाप थांबत नसणे, यांपैकी काहीही दिसले तर पंपावर भिस्त न ठेवता रुग्णालय गाठावे.

कारणे : निम्म्याहून अधिक तीव्रावस्थांमागे संसर्ग असतो. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा व आरएसव्ही हे विषाणू, तसेच हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, न्यूमोकॉकस व मोराक्सेला हे जीवाणू त्यांत प्रमुख आहेत. साधारण एक तृतीयांश वेळा कारण सापडत नाही.

धूर : भारतीय संदर्भात या कारणाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार मानला गेल्याने चुलीपुढे आयुष्य काढलेल्या स्त्रियांचे निदान वर्षानुवर्षे राहून गेले. पुण्याचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील आढाव्यात दाखवले की, जगातील सीओपीडीच्या सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. लाकूडफाटा, गोवऱ्या, तुरकाट्या व पऱ्हाटी यांच्या धुरातील सूक्ष्मकण आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना पुन्हा डिवचतात. उज्ज्वला योजनेने (२०१६) अनेक घरांत गॅस पोचला, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल पेटतच राहते. ‘घरात गॅस आहे’ या उत्तरावर डॉक्टरांनी थांबू नये. पाणी कशावर तापते, चूल कुठे आहे, मिसरी घरात भाजली जाते का, हेही विचारले पाहिजे.

डास पळवणारी कॉइल हा दुर्लक्षित स्रोत आहे. मलेशिया व चीनमधील कॉइलींच्या तपासणीत (२००३) एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्मकण बाहेर पडल्याचे आढळले. दारे-खिडक्या लावून रात्रभर कॉइल जळते, त्या खोलीत रुग्ण सात-आठ तास असतो. मच्छरदाणी हा स्वस्त आणि निर्धोक पर्याय आहे. फटाक्यांपैकी मुलांची आवडती नागगोळी सूक्ष्मकणांच्या बाबतीत सर्वांत वाईट ठरल्याचे पुण्यातील मोजणीत दिसले. उदबत्ती, धूप व कापूर यांच्याबाबत पुरावा तुलनेने कमी आहे. ज्याला त्याने ठसका लागतो त्याच्यापुरते ते देवघराबाहेर ठेवावेत. उसाचे पाचट व शेतातील काडीकचरा जाळण्याच्या दिवसांत रुग्णाने शेताकडे जाऊ नये.

सुधारित चुलींमुळे तीव्रावस्था किती घटतात, यावर एकमत नाही. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील नऊ वर्षांच्या पाहणीत (२०१४) मात्र स्वच्छ इंधन व स्वयंपाकघरातील वायुवीजन यांमुळे फुप्फुसांची कार्यक्षमता घटण्याचा वेग मंदावल्याचे दिसले.

हवा व ऋतू : डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचे तेव्हा मानले गेले. नंतरचे अंदाज १२,००० पर्यंत जातात. मृतांत जुनाट श्वसनविकाराचे वृद्ध मोठ्या संख्येने होते. थंडीत जमिनीलगतची हवा वर न जाता प्रदूषण धरून ठेवते, म्हणून अशा दिवसांत पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावे. शेकोटीजवळ बसू नये. गार हवा आणि प्रदूषण यांपैकी अधिक घातक कोण, हे वेगळे काढणे कठीण आहे.

व्यवसायजन्य कारणे : गिरणी, खाण, दगडखाण, बांधकाम व मळणी यांतील धूळ.

औषध सोडणे : बरे वाटले की पंप बंद करणे, हे नेहमी आढळणारे आणि सहज टाळता येणारे कारण होय.

प्रतिबंध : धूम्रपान सोडणे हा पहिला उपाय. त्यानंतर लसीकरण. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाची मोठी लाट पावसाळ्यात येते, हिवाळ्यात नव्हे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांप्रमाणे ऑक्टोबरची वाट न पाहता वार्षिक लस एप्रिल-मे मध्ये घेणे योग्य ठरते. न्यूमोकॉकसची लसही सुचवली जाते. पंप घेण्याची पद्धत प्रत्येक भेटीत तपासावी. कोरड्या पावडरीचा पंप जोरात व खोल ओढावा लागतो. धाप वाढलेल्या रुग्णाला ते जमत नाही, तेव्हा स्पेसर लावलेला फवाऱ्याचा पंप उपयोगी पडतो. पावसाळ्यात दमट हवेने पावडर धरते, म्हणून कॅप्सूल वेष्टनातून ऐनवेळीच काढावी. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरावी.

सदृश विकार : हृदयाचा अशक्तपणा, न्यूमोनिया, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, छातीच्या पोकळीत हवा साठणे.

उपचार : श्वासनलिका रुंदावणारी औषधे, थोडे दिवस स्टेरॉइड व कफ पूयुक्त असल्यास प्रतिजैविके देतात. स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत (२०१३) पाच दिवसांचे स्टेरॉइड चौदा दिवसांइतकेच उपयुक्त ठरले. प्राणवायू बेताने, ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच देतात; अधिक दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. ज्यांच्या घरी काँसंट्रेटर आहे त्यांनी धाप वाढली म्हणून प्रवाह स्वतःहून वाढवू नये.