ग्रे गार्डन्स (संगीतिका)

ग्रे गार्डन्स : दोन अंकी अमेरिकन संगीतिका. संगीत स्कॉट फ्रँकेल, गीते मायकल कोरी आणि संहिता डग राइट यांची. मेझल्स बंधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या १९७५ मधील याच नावाच्या माहितीपटावर ती आधारलेली आहे.

पार्श्वभूमी : ‘ग्रे गार्डन्स’ हे न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट हॅम्प्टन येथील समुद्राजवळच्या बंगल्याचे नाव. जॅकलिन केनेडी यांची आत्या एडिथ बूव्हिये बील आणि तिची मुलगी ईडी तेथे मांजरे, रॅकून आणि कचऱ्याच्या ढिगांत राहत होत्या. १९७१ मध्ये आरोग्य खात्याने घराची तपासणी केल्यावर त्यांच्या हलाखीचा बोभाटा झाला आणि जॅकलिन व त्यांची बहीण ली यांनी डागडुजीचा खर्च उचलला. मेझल्स बंधूंनी निवेदन न जोडता या मायलेकींची भांडणे, गाणी आणि आठवणी चित्रित केल्या.

कथानक : माहितीपटात दिसते ती पडझड, तिच्यामागचा भूतकाळ संगीतिका उभा करते. पहिला अंक १९४१ मध्ये घडतो. जोसेफ केनेडी (धाकटे) यांच्याशी ईडीचा साखरपुडा व्हायचा असतो. हा प्रसंग कल्पित आहे. गाण्याची हौस असलेली आई समारंभात स्वतःच्याच गाण्यांचा बेत आखते आणि ईडीविषयीच्या गोष्टी भावी जावयाला ऐकवते. ठरलेले लग्न मोडते, आईच्या नवऱ्याने घटस्फोट घेतल्याची तारही येते. दुसरा अंक १९७३ मधला. म्हातारी आई अंथरुणाशेजारी मक्याची कणसे उकडून घरकामाला येणाऱ्या जेरीला प्रेमाने खाऊ घालते आणि पन्नाशी ओलांडलेली ईडी ते पाहून धुमसते. शेवटी ईडी सामान भरून निघते, पण आईच्या हाकेने परत फिरते.

रचना : पहिल्या अंकातील आई आणि दुसऱ्या अंकातील मुलगी या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने करायच्या, ही या कलाकृतीची खरी कल्पकता. मुलगी आईसारखीच होत गेली हे संवादातून सांगावे लागत नाही, प्रेक्षकाला ते दिसते. पहिल्या अंकाचे संगीत त्या काळच्या बैठकीतल्या गाण्यांच्या वळणाचे आहे. दुसऱ्यात ते तुटक आणि व्याकूळ होते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ईडी डोक्याला स्वेटर गुंडाळून आपल्या विचित्र पेहरावामागचा विचार गाण्यातून समजावते. प्रेक्षक हसतात, पण तिच्या बुद्धीची चमकही त्यांना कळते.

प्रयोग व पुरस्कार : मायकल ग्रीफ यांच्या दिग्दर्शनाखाली २००६ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या प्लेराइट्स होरायझन्स या संस्थेत पहिले प्रयोग झाले. २ नोव्हेंबर २००६ रोजी संगीतिका ब्रॉडवेवरील वॉल्टर कर नाट्यगृहात आली आणि २९ जुलै २००७ पर्यंत चालली. क्रिस्टीन एबरसोल (मुख्य भूमिका), मेरी लुइझ विल्सन (दुसऱ्या अंकातील आई) आणि वेशभूषाकार विल्यम आयव्ही लाँग यांना टोनी पुरस्कार मिळाले. २०१६ मध्ये लंडनच्या सदर्क प्लेहाउसमध्ये जेना रसेल व शीला हँकॉक यांनी या भूमिका केल्या.

मूल्यमापन : माहितीपटाने या मायलेकींचे प्रदर्शन मांडले, असा आक्षेप घेतला गेला होता. संगीतिकेने त्यांना कारणे आणि इच्छा दिल्या. वास्तवातील माणसांवर नाटक लिहिताना सहानुभूती आणि परखडपणा एकत्र कसे नांदवावेत, याचा ती उत्तम वस्तुपाठ आहे.