डीएचसीपी सर्व्हरचे दोषनिवारण

डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल अर्थात डीएचसीपी हा नेटवर्कला जोडलेल्या संगणकांना ठरावीक मुदतीसाठी आपोआप आयपी पत्ते देणारा नियमसंच आहे. तो ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात त्याची सुधारित व्याख्या आहे. पत्तावाटप थांबल्यास केबल व स्विच सुस्थितीत असूनही नेटवर्क निरुपयोगी ठरते.

== बाहेरची लाइन की आतील पत्ता ==
चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेट बंद पडले की पहिला संशय साहजिकच दुरून येणाऱ्या फायबरवर जातो. परंतु पत्ते सहसा कार्यालयातीलच राउटर किंवा सर्व्हर वाटतो आणि फायबर तुटल्याने ते वाटप थांबत नाही. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीचे उत्तर न मिळाल्याने तो त्याने स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी लाइनची तक्रार नोंदवून दुरुस्तीची वाट पाहणे व्यर्थ होय.

== सर्व्हरवरील तपासणी ==
संगणकाची मागणी सर्व्हरच्या यूडीपी पोर्ट ६७ वर येते; उत्तर संगणकाच्या पोर्ट ६८ वर जाते. ही ये-जा टीसीपीडंप किंवा वायरशार्कने पाहता येते. मागणी पोहोचतच नसेल, तर फायरवॉल किंवा व्हीलॅनची मांडणी तपासावी. ही मागणी सर्वांना उद्देशून प्रसारित होत असल्याने राउटर ती स्वतःहून पलीकडे पाठवत नाही. त्यासाठी रिले लागतो. मागणी पोहोचूनही उत्तर निघत नसल्यास बहुधा पत्त्यांचा साठा संपलेला असतो किंवा सर्व्हरचा स्वतःचा स्थिर पत्ता वाटपाच्या उपजाळ्यात बसत नाही. विंडोज सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असल्यास त्याला तेथे अधिकृत करावे लागते.

== उशिरा दिसणारा दोष ==
सर्व्हर बंद पडल्याचे सर्वांना एकाच वेळी जाणवत नाही. मुदत निम्मी सरल्यावर संगणक मूळ सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो, ८७.५ टक्के सरल्यावर कोणत्याही सर्व्हरकडे, आणि मुदत संपल्यावरच पत्ता सोडतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात ८ दिवसांची असते. त्यामुळे नवा संगणक अडतो, शेजारचा जुना मात्र चालतो. आणि दोष नव्या यंत्राच्या माथी मारला जातो.

== दुसरा सर्व्हर व वीजखंड ==
कोणी घरगुती राउटरचा लॅन पोर्ट स्विचला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. काही संगणकांना वेगळाच गेटवे दिसणे ही त्याची खूण. व्यवस्थापनक्षम स्विचमधील डीएचसीपी स्नूपिंग त्यास आळा घालते. काही छोट्या राउटरांची वाटपनोंद वीज जाताच पुसली जाते, आणि एकच पत्ता दोघांकडे जाऊ शकतो. प्रिंटरचा पत्ता आरक्षित ठेवल्यास ही शक्यता कमी होते.