कासवाला शिकवताना

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे सहावी-सातवीतली मुलं चटकन सांगतात. आता त्यांना मैदानावर नेऊ या. एकानं चालायचं, दुसऱ्यानं नुसत्या आज्ञा देऊन त्याला समभुज त्रिकोणावरून फिरवायचं. बहुतेक वेळा आज्ञा येतात : दहा पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे वळ, पुन्हा दहा पावलं... तीन बाजू चालून झाल्या तरी गडी सुरुवातीच्या जागी येतच नाही. तो तिथून वीस पावलं लांब उभा असतो. तसाच चालू दिला तर षट्कोन पुरा करतो! चालणाऱ्याला वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. आम्ही हा खेळ शिक्षकांबरोबर खेळतो, तेव्हा तेही आधी ६०च म्हणतात. (आम्हीही म्हटलं होतं.)

हा खेळ संगणकाकडून आपल्याकडे आला. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वॉली फर्झिग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. ग्रीक भाषेतल्या 'लोगोस', म्हणजे 'शब्द', यावरून हे नाव आलं, आणि ते सार्थ होतं. कारण सुरुवातीच्या लोगोत चित्रं नव्हती. मुलं शब्दांशी आणि वाक्यांशी खेळत. संगणकाकडून वाक्यं बनवून घ्यायची, तर कोणते शब्द नामांच्या डब्यात आणि कोणते क्रियापदांच्या, हे आधी आपणच ठरवावं लागतं. व्याकरणात रमत नसलेल्या एका मुलीला शब्दांच्या जाती कशासाठी असतात हे असं करतानाच उमगलं, ही हकीकत पॅपर्टनी पुढे लिहिली आहे.

कासव आलं ते १९७०च्या सुमारास. जमिनीवर चालणारं, पोटाशी पेन असलेलं हे यंत्र. ब्रिटनमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९मध्ये प्रकाशाकडे सरकणारी यांत्रिक कासवं केली होती. त्यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे कासव पडद्यावर गेलं. 'रिपीट ३ [फॉरवर्ड १०० राइट १२०]' लिहिलं की त्रिकोण तयार.

पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनीव्हात पियाजेंबरोबर त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. संगणकानं मुलाला शिकवण्याऐवजी मुलानं संगणकाला शिकवावं, हा त्यांचा आग्रह. कासव भलतीकडे गेलं की मुलानं उठून स्वतः कासव व्हायचं, चालून बघायचं, आज्ञा दुरुस्त करायची. उत्तरावर लाल फुली बसत नाही. चूक कुठे झाली ते शोधणं हाच अभ्यास.

१९८० साली त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आलं, आणि लोगो शाळाशाळांतून पसरली. मग १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून पाहिलं. वर्षभर लोगो शिकलेली मुलं वर्गातली कामं कमीत कमी फेऱ्यांत उरकण्याचा आराखडा इतरांपेक्षा चांगला करतात का? तसं दिसलं नाही. पॅपर्टनी उलट विचारलं, की एकट्या लोगोचा परिणाम मोजताच कसा? सुतारकाम चांगलं झालं की नाही, हे का लाकडावर ठरतं? आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं, पण ते थोडं सोयीचंही वाटतं. साधन वर्गावर अवलंबून आहे, हे मान्य केलं तर वर्गातल्या शिक्षकाची तयारी कोण करणार, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं. मुलं आपसूक शिकतील या भरवशावर अनेक वर्ग सोडून दिलेले होते.

भारतात १९८४मध्ये 'क्लास' योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पण ते वरच्या वर्गांसाठी. प्राथमिकच्या बाईंना ती खोली बाहेरूनच दिसायची. २००७मध्ये पॅपर्टच्याच परंपरेतली, मिचेल रेझ्निक यांच्या गटाची 'स्क्रॅच' ही मोफत प्रणाली आली. तीत आज्ञा टंकाव्या लागत नाहीत, ठोकळे जोडायचे असतात. पॅपर्ट २०१६मध्ये वारले.

संगणक असो वा नसो, त्रिकोण जमल्यावर वर्गाला वर्तुळ द्यावं. थोडी वाट पाहिली की कुणीतरी म्हणतंच : एक पाऊल पुढे, एक अंश वळ, असं ३६० वेळा. मैदान पुरत नाही. मग याच वर्तुळाला निम्म्या मैदानात कसं बसवायचं?