खुब्यातील प्लॅस्टिकची वाटी

उखळीचा सांधा शिकवताना आपण खुब्याचे उदाहरण देतो. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली १९५८ च्या सुमारास निकामी खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवू लागले. टेफ्लॉन अत्यंत निसरडे. निवड रास्तच होती. पण काही वर्षांतच पोलादी गोळा वाटीत खोल रुतू लागला. सुमारे ३०० रुग्णांचे चालणे पुन्हा संकटात आले.

गोळा दोन कारणांनी रुततो. भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू दबून आकार बदलते. शिवाय ते झिजते. दबलेला भाग वाटीतच राहतो, झिजेचे कण मात्र भोवतालच्या ऊतींत दाह निर्माण करतात. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉन टोचून हे पडताळले!

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने कापड गिरण्यांतील दातेरी चाकांचे पॉलिएथिलीन आणले. चार्नलींनी ते नाकारले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही ते चाचणीयंत्रावर चढवले. तीन आठवडे अहोरात्र घासूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहून कमी भरली. क्रेव्हन यांचे नाव चार्नलींच्या बरोबरीने घ्यावे, असे आम्हाला वाटते. नोव्हेंबरपासून ही वाटी रुग्णांना बसू लागली. दबते तीही, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत. म्हणून क्ष-किरण चित्रावरून झीज मोजताना सुरुवातीचे हे दबणे वजा करावे लागते.